नऊ सप्टेंबरचं पान

१

मिस गॅल्ब्रेथ यांच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र मोठं नव्हतं. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, जेमतेम दहा ओळी. स्कॉटलंडमधल्या किर्कडोनन नावाच्या एका छोट्या बाजाराच्या गावाहून ते पुण्याला माझ्या पत्त्यावर आलं होतं. तुमचा लेख वाचला, इतक्या दूरच्या माणसाला आमच्या गावाचा लळा लागावा याचं नवल वाटलं, वगैरे लिहून शेवटी बाईंनी एक प्रश्न विचारला होता. लेखातलं एक वाक्य उतरवून त्यांनी विचारलं होतं, ‘हे आपल्याला कुठे मिळालं?’

मी उत्तराचे सात मसुदे केले. एकही पाठवला नाही. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला चष्म्याशिवायही दिसते. स्वतःचं पत्र मात्र कधी पुरं होत नाही.

किर्कडोननला मी कधी गेलेलो नाही. तरुणपणी जुन्या पुस्तकांच्या ढिगात एका पाद्र्यानं दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला त्या गावाचा इतिहास आणि दंतकथा हाती लागल्या, आणि मी तिथेच राहायला गेलो म्हणा ना. बाजाराच्या मधोमध दगडी खांब. जत्रेच्या दिवसांत त्यावर टांगलेला चामड्याचा मोठा हातमोजा. तो खाली उतरेपर्यंत जुन्या भांडणासाठी कुणाला धरायचं नाही. वेशीवर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीची, प्रत्येक मेंढराची रोज नोंद करणारा कारकून. आणि अंडी विकणारी एल्स्पेट.

एल्स्पेटची कथा अशी. शनिवार, ९ सप्टेंबर १७५२. भर बाजारात कारकुनानं तिला चोर ठरवलं, टोपली उपडी केली, अंडी फोडली. टोपलीत काही सापडलं नाही. तिनं त्याच्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हा दिवस तुझ्या वहीत राहणार नाही.’ मग ती डोंगराकडे चालू लागली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

ही कथा मी १९८७ साली एका दिवाळी अंकात लिहिली. पुढे तिचा इंग्रजी गोषवारा करून किर्कडोननच्या इतिहास मंडळाला पाठवण्याचं धाडस केलं, आणि ते पत्र ओढवून घेतलं.

माझी भाची मैथिली डार्मश्टाटला जुन्या कागदांवर पीएच.डी. करत होती. नवरा अनिमेष तिथेच इंजिनिअर. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे राहायला गेलो. साल मुद्दाम सांगत नाही. दोन हजार दहानंतरचं, एवढं पुरे. मैथिलीला योगायोगानं कळलं होतं की जवळचं हाझेलरोड हे गाव किर्कडोननचं जुळं गाव आहे, म्हणजे दोन गावांनी ठरवून मैत्री जोडली आहे. मैत्रीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्कॉटलंडनं हाझेलरोडच्या संग्रहालयाला भेट दिली होती, वेशीवरची १७५२ सालची खरी वही. तिचा कागद तपासायचं काम मैथिलीला मिळालं. मामाच्या गावाची वही, म्हणून ती किती हरखली होती!

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ती दुपारीच घरी आली. पायातले बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मामा, वहीतली अकरा पानं कापलेली आहेत. नऊ सप्टेंबरचं पान त्यातच आहे. आणि ते म्हणतात, मी कापली.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हाझेलरोडला गेलो. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. एकीत नांगर आणि लोणी काढायची भांडी, दुसरीत काचेच्या कपाटात ती वही. पाहिली तेव्हा मी आधी चष्मा पुसून घेतला. सदतीस वर्षं मी तिच्याविषयी वाचत होतो.

तिथे दोघंजण वाट पाहत होते. हेर, म्हणजे श्रीयुत, फोर्स्टर हे निवृत्त इतिहासशिक्षक, संग्रहालय सांभाळणारे. उंच, वाकलेले, लोकरी जाकिटाची बटणं चुकीच्या भोकांत. आणि फ्राऊ केस्लर, जुळ्या गावाच्या मंडळाच्या अध्यक्ष. आवाज असा की नांगरही सरळ उभे राहावेत.

“आल्झो, हेर प्रोफेसर!” त्या म्हणाल्या आणि पुढे इंग्रजीत बोलू लागल्या.

“मी प्रोफेसर नाही. मी छापखान्यात...”

“लेख लिहिला आहे ना? मग झालं. बसा.”

मला उलटतपासणी घेता येत नाही. दुकानदाराला सुट्टे परत मागायलाही मला संकोच वाटतो. पण मैथिली शेजारी ओठ घट्ट मिटून बसली होती, तेव्हा विचारणं भाग होतं.

“हे कुणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या,” फ्राऊ केस्लर म्हणाल्या. “गुरुवारी. प्रदर्शनासाठी नऊ सप्टेंबरचं पान उघडून ठेवायचं होतं. ऑक्टोबरात आमचं नाटक आहे. एल्स्पेट मी करते आहे.”

“टोपलीसकट,” फोर्स्टर पुटपुटले.

“गेनाऊ, अगदी टोपलीसकट. पाहते तर पानाऐवजी अकरा पट्ट्या!”

“त्याआधी वही कुणी उघडली होती?”

फोर्स्टर घसा खाकरून म्हणाले, “समारंभात आम्ही पहिलं पान पाहिलं, टाळ्या वाजवल्या, कपाटात ठेवली. किल्ल्या दोन. एक माझी, एक यांची.”

“आणि वही कधी बाहेर गेली का?”

फोर्स्टरच म्हणाले, “एक शनिवार-रविवार फ्राऊ केस्लरांच्या घरी होती. वर्तमानपत्राला फोटो हवा होता म्हणे.”

“म्हणे?” बाई ताडकन उठून फोर्स्टरांकडे वळल्या. “डीटर, तुला ही वही इथे नकोच होती! ‘हवा दमट आहे, कपाट चांगलं नाही, स्कॉटलंडला परत पाठवा.’ तूच म्हणत होतास ना?”

“अजूनही म्हणतो!”

म्हणजे प्रत्येकाकडे काहीतरी होतं. बाईंना नाटकासाठी ते पान हवं होतं. फोर्स्टरना वही घालवायची होती. आणि मैथिली? ती दोन दुपारी वहीजवळ एकटी होती, हातात धारदार पातं घेऊन. शेवटच्या कोऱ्या पानाच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढायची तिला लेखी परवानगी होती. पण पातं ते पातंच.

“स्कॉटलंडला विचारलंत?” मी म्हणालो.

“फोन केला,” फोर्स्टर म्हणाले. “तिथला कारकून म्हणतो, वही कित्येक वर्षांत कुणी उघडलेली नाही. माहिती फक्त मिस गॅल्ब्रेथ नावाच्या बाईंना. त्या एक्याण्णव वर्षांच्या, वृद्धाश्रमात. ऐकू येत नाही. ई-मेल करत नाहीत. फक्त पत्राला उत्तर देतात.”

मी मान खाली घातली.

मग त्यांनी मला वही दाखवली. रोज एक पान, वर वार आणि तारीख, खाली नोंदी: कोकरं, लोकर, पीठ. एका पानावर ‘बुधवार, २ सप्टेंबर’. मग शिवणीपाशी बोटाच्या पेराएवढ्या अकरा पट्ट्या. मग ‘गुरुवार, १४ सप्टेंबर’. आणि इथे एक विचित्र गोष्ट. ‘गुरुवार’ हा शब्द खरवडून वर पुन्हा लिहिलेला होता. पुढच्या पानावरचा ‘शुक्रवार’ही तसाच. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक वार खरवडलेला, तारखांना मात्र हात लावलेला नाही. ऑक्टोबरपासून सगळं स्वच्छ.

“पाहिलंत?” फोर्स्टर हलक्या आवाजात म्हणाले. “मी वार मोजले. दोन तारखेला बुधवार, तर चौदाला सोमवार हवा. चोरानं वार बदलले, म्हणजे बुधवारनंतर गुरुवार येईल आणि सांधा दिसणार नाही. हुशार आहे.”

“कापलेल्या कडा बाकीच्या कडांइतक्याच तपकिरी आहेत,” मैथिली म्हणाली. “ताजा काप पांढरा असतो. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं आहे. पट्ट्या, खरवडणं, ऑक्टोबरच्या एका पानाला मागून लावलेलं त्याच कागदाचं ठिगळ, सगळं. रिपोर्ट पुरा होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून मामालाही सांगितलं नव्हतं. मी कापलं असतं तर लिहिलं असतं का?”

“तज्ज्ञ तूच आणि संशयितही तूच,” फोर्स्टर म्हणाले. स्वर कठोर नव्हता, उलट दुःखी होता. “आम्ही कुणाचं ऐकायचं?”

“पण ही पानं पूर्वीच, फार पूर्वीच कापलेली असू शकतात ना?” मी विचारलं.

फ्राऊ केस्लर माझ्याकडे पाहून हसल्या. प्रेमानं हसल्या, हे जास्त वाईट.

“हेर यशवंत, तुम्ही हे विचारता?” त्यांनी टेबलावरची रंगीत पुस्तिका उचलली. मैत्रीच्या पंचविशीसाठी मंडळानं ती छापली होती. तिच्यात माझा दिवाळी अंकातला लेख होता. मैथिलीनं हौसेनं त्याचं जर्मन भाषांतर करून दिलं होतं. “तुमचंच वाक्य वाचते. ‘अर्थात शाप खोटा ठरला. ते पान आजही त्या वहीत पाहायला मिळतं.’ आजही! पान होतं. आता नाही. मधे वही एकटीनं हाताळली ती फक्त तुमच्या भाचीनं. सोमवारी दुपारी मी तिच्या प्राध्यापकांना पत्र पाठवणार आहे. मला वाईट वाटतं, पण पाठवणार.”

मैथिलीनं माझ्याकडे आशेनं पाहिलं. मामा आता सांगेल की हे त्यानं कुठे वाचलं.

मी काहीच बोललो नाही. मिस गॅल्ब्रेथ यांनी चार वर्षांपूर्वी उतरवून पाठवलेलं वाक्य तेच होतं. आणि ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

३

परतीच्या ट्रेनमध्ये सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर सांगितलं.

अनिमेष कांदे चिरत होता, तो थांबला. मैथिलीनं कप खाली ठेवला.

“म्हणजे?”

“म्हणजे मी ते रचलं. पाद्र्याच्या पुस्तकात कथा शापापाशी संपते. दिवाळी अंकाचे संपादक शाप-बिप छापायला तयार नव्हते. म्हणाले, शेवटी काहीतरी विवेकाचं येऊ द्या. मग मी लिहिलं, पान आजही पाहायला मिळतं. त्या काळी प्रत्येक लेखात असं एक वाक्य असायचं. ती विहीर आजही दाखवतात, तो दगड आजही तिथे आहे. कोण जातंय पाहायला, असं वाटलं.”

“मी गेले पाहायला, मामा.”

“हो.”

“तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. मला शाळेत असताना वेलांटीसाठी रडवलंत. आणि हे?” तिचा आवाज फाटला. “मी भाषांतर केलं. खाली माझं नाव आहे. माझा शेवटचा सहा महिन्यांचा करार व्हायचा आहे. जुन्या कागदांच्या क्षेत्रात एकदा नावापुढे पातं लागलं ना, की कुणी दार उघडत नाही. कुठेच नाही.”

“मी उद्या त्यांना सांगतो.”

“सांगाच. पण त्यानं काय होईल? अकरा पट्ट्या आहेतच. वार खरवडलेले आहेतच. ते म्हणतील, मामा भाचीला वाचवायला खोटं बोलतोय.”

ती बरोबर होती. मी माझ्या खोलीत जाऊन संग्रहालयातून टिपून आणलेलं पुन्हा वाचत बसलो. बुधवार दोन. गुरुवार चौदा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि काहीच दिसत नव्हतं. प्रूफ वाचताना असं होतं कधी कधी: ओळ दहा वेळा वाचावी आणि चूक शेजारच्या ओळीत असावी. फ्राऊ केस्लरांनी घरी पानं कापली असतील? मग त्याच आरडाओरडा का करतील? फोर्स्टरांनी? ते तर वहीला हात लावताना श्वास रोखत होते. आणि जो कुणी असेल, त्यानं वार का खरवडले? फोर्स्टर म्हणतात, सांधा लपवायला. पण सांधा लपवायचा तर तारखा बदलायला हव्यात! दोननंतर चौदा तसंच उघडं ठेवून कुणी नुसते वार बदलत बसेल का? मुळात असा चोर कोण असेल, ज्याला वारांची इतकी काळजी आणि तारखांची अजिबात नाही?

डोकं दुखायला लागलं. मी बाहेर आलो. अनिमेष संगणकासमोर बसून नाशिकला आईशी बोलत होता. वासंतीताई, त्याच्या आई, पडद्यावर अर्ध्याच दिसत होत्या. उरलेली जागा पंख्याला.

“यशवंतराव, जेवता ना नीट? तिकडे म्हणे ब्रेडच ब्रेड.”

“जेवतो, ताई.”

“अगं आई, बाबांच्या श्राद्धाचं सांग ना,” अनिमेष म्हणाला. “मला रजा टाकायची आहे. कॅलेंडरमध्ये षष्ठीच नाहीये. पंचमीनंतर एकदम सप्तमी. मधली षष्ठी गेली कुठे? कुणी फाडून नेली?”

“फाडतंय कोण? षष्ठीचा क्षय आहे रे. पंचमीच्याच दिवशी दुपारी षष्ठी लागते, तेव्हा करायचं.”

“पण असा दिवस गायब कसा होतो?”

“दिवस कुठे गायब झाला? बुधवारनंतर गुरुवारच आहे ना? तिथी जाते बाळा, वार कधी जात नाही. इंजिनिअर झालास आणि एवढं कळत नाही!”

मी भिंत धरली. अनिमेषला वाटलं मला घेरी आली.

“मैथिली,” मी हाक मारली. “मैथिली, ती पानं कुणी चोरली नाहीत. चोरण्यासारखं त्यांत काही नव्हतंच!”

४

सोमवारी सकाळी संग्रहालयात आम्ही चौघंच होतो. फ्राऊ केस्लरांसमोर पाकीट तयार होतं, तिकीट लावलेलं.

मी आधी माझ्या वाक्याचं सांगितलं. उभं राहून सांगितलं, कारण बसून धीर झाला नसता. फ्राऊ केस्लरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“म्हणजे आम्ही छापलं ते खोटं?”

“तेवढं एक वाक्य. हो.”

“आणि आता भाचीवर आलं तेव्हा आठवलं!”

“आठवत होतं. पहिल्या दिवसापासून. बोललो नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. वहीवर ठेवा. हेर फोर्स्टर, दोन सप्टेंबरला कोणता वार लिहिला आहे?”

“बुधवार.”

“तो खरवडलेला नाही. आणि पुढचं जे पान वहीत आहे, त्यावर?”

“गुरुवार. खरवडून.”

“बुधवारनंतर गुरुवारच येतो. तुम्ही म्हणालात, चोरानं तसं भासवलं. समजा, चोर नव्हताच. समजा, त्या गावात खरोखरच बुधवारी दोन तारीख होती आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चौदा.”

“हे कसं शक्य आहे?” फ्राऊ केस्लर म्हणाल्या.

“आमच्या पंचांगात हे नेहमी होतं. तिथी गळते, वार गळत नाही. युरोपातही एकदा...”

“माइन गॉट,” फोर्स्टर म्हणाले.

त्यांनी कपाळावर हात मारला, तोही जोरात. मग उठून मागच्या कपाटातून गावातल्या चर्चची जाड नोंदवही काढली आणि उभ्याउभ्याच पानं उलटू लागले. “इथे! आमची! फेब्रुवारी १७००. अठरा तारखेनंतर एक मार्च. मधले दहा दिवस नाहीत. जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं तेव्हाचे. तीस वर्षं मी शाळेतल्या मुलांना हे पान दाखवत आलो. पण आमच्याकडे १७०० मध्ये झालं, म्हणून मला वाटत राहिलं की सगळीकडेच... ब्रिटननं तर फार उशिरा बदललं!”

“सप्टेंबर १७५२,” मी म्हणालो. “काल अनिमेषनं शोधून दाखवलं. अकरा दिवस गळले. तीन ते तेरा.”

फ्राऊ केस्लर बोटांवर मोजत होत्या. “मग नऊ सप्टेंबर...?”

“किर्कडोननमध्ये त्या वर्षी नऊ सप्टेंबर आलंच नाही. पाद्र्यानं पुस्तक लिहिलं ते शंभरएक वर्षांनी. आज या नव्या कॅलेंडरनं मागे मोजत गेलं तर तिथे शनिवार येतो, बाजाराचा वार. त्यानं तसंच मोजलं असणार, टेबलापाशी बसून. तोही माझ्यासारखाच होता.”

“ठीक,” फोर्स्टर म्हणाले. त्यांच्यातला शिक्षक आता जागा झाला होता. “दिवस नव्हता. पण पट्ट्या आहेत! जो दिवस आलाच नाही, त्याचं पान वहीत का असावं? आणि कुणीतरी ते का कापावं?”

“त्याचं उत्तर खरवडलेल्या वारांत आहे. आमच्या छापखान्याचा जुना कारकून तिमाही सुरू झाली की सगळ्या पानांवर वार-तारखा आधीच घालून ठेवायचा. हाही तसाच असावा. जुलैत बसून त्यानं सवयीनं जुन्या हिशेबानं सप्टेंबरअखेरपर्यंतचे मथळे लिहून टाकले. लंडनमध्ये कायदा होऊन वर्ष झालं होतं, पण हात कायदा वाचत नाही. मग सप्टेंबर आला. चौदा तारखेच्या पानावर त्यानं आधी ‘सोमवार’ लिहिला असणार, तो ‘गुरुवार’ करावा लागला. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक वार. ऑक्टोबरचे मथळे नंतर लिहिले, म्हणून ते स्वच्छ. आणि मधली अकरा पानं, तीन ते तेरा, निव्वळ मथळ्याची, कोरी. ती त्यानं स्वतःच कापली.”

“असावा. असणार.” फ्राऊ केस्लरांनी पाकिटावर बोटं वाजवली. “तुमचं एक वाक्य आम्ही आधीच खाल्लं आहे, हेर यशवंत. पुरावा?”

माझ्याकडे पुरावा नव्हता. मला वाटलं होतं, एवढं पुरेल. मी खुर्चीत बसलो. आपलं काहीतरी चुकलंच असणार, असं नेहमीसारखं वाटू लागलं.

“एक मिनिट,” मैथिली म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं हातमोजे चढवले, वहीखाली उशी सरकवली आणि ऑक्टोबरमधलं एक पान उलटलं. पानाला वरून खाली चीर गेली होती आणि मागून आडवं ठिगळ चिकटवलेलं होतं.

“मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. ठिगळ याच वहीच्या कागदाचं आहे. मला तेव्हा प्रश्न पडला होता, कारकुनाकडे सुटा कागद कुठून आला? खळ अडीचशे वर्षं जुनी आहे, हे कुणीही तपासून घ्या, माझ्यावर सोडू नका.” तिनं छोटा दिवा पानामागे धरला. “हेर फोर्स्टर, तुम्ही वाचा. चिकटवलेल्या बाजूला अक्षरं आहेत. उलटी दिसतील.”

फोर्स्टर वाकले. इतके की नाक पानाला लागेल असं वाटलं. त्यांनी खिशातून आरसा काढला नाही की काही नाही, नुसते ओठ हलवत राहिले.

“सो... सोमवार,” ते म्हणाले. “सोमवार, ७ सप्टेंबर. खाली काही नाही. कोरं.”

“सातला सोमवार,” मी म्हणालो, “म्हणजे चौदालाही सोमवार. जुन्या हिशेबानं.”

मैथिलीनं दिवा चौदा तारखेच्या पानामागे नेला. खरवडलेल्या जागी, ‘गुरुवार’च्या खाली, जुन्या शब्दाची पुसट सावली उमटली. या वेळी फ्राऊ केस्लरांनी स्वतः वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या सरळ झाल्या, पाकिटातून पत्र काढलं आणि ते आडवं-उभं फाडलं.

“मैथिली,” त्या म्हणाल्या, “मी तुला चोर म्हणाले.”

“हो.”

“भर गावात म्हणाले. बेकरीतसुद्धा म्हणाले.”

“मग बेकरीतसुद्धा सांगा, की नाही म्हणून,” मैथिली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

“आजच. आत्ता.” बाईंनी कोट उचलला. दारात थांबून माझ्याकडे वळल्या. “आणि एल्स्पेट? ती तरी होती का?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “वहीतली पानं नाहीत, हे कधीतरी कुणी पाहिलं असेल आणि का नाहीत याची गोष्ट रचली असेल. किंवा कुणा बाईची टोपली खरोखर उपडी केली असेल, दुसऱ्या एखाद्या दिवशी. मला खरंच माहीत नाही.”

“हे वाक्य छापू,” फोर्स्टर बटणं नीट लावत म्हणाले. “पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत.”

५

त्या दुपारी घरी आल्यावर मैथिली माझ्याशी फारसं बोलली नाही. राग लगेच जात नसतो आणि जाऊही नये. संध्याकाळी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “त्या मिस गॅल्ब्रेथ फक्त पत्राला उत्तर देतात म्हणे. एक्याण्णव वर्षं. मामा, किती थांबणार आहात?”

मी लिहायला बसलो. मनात आठवा मसुदा सुरू झाला होता, तो सोडून दिला आणि सरळ चांगल्या कागदावर लिहिलं.

‘प्रिय मिस गॅल्ब्रेथ, चार वर्षांपूर्वी आपण मला विचारलंत की नऊ सप्टेंबरचं पान अजून वहीत आहे, हे मला कुठे मिळालं. ते मला कुठेही मिळालं नाही. ते वाक्य मी रचलं आणि ते खोटं आहे. आपण विचारल्यावर मला लाज वाटली आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यामुळे माझ्या भाचीवर चोरीचा आळ आला. तो आता निघाला आहे. कसा, ते पुढे लिहितो, कारण मला वाटतं आपल्यालाही पूर्वीपासून शंका होती.’

पुढे तीन पानं झाली. शेवटी मी एक प्रश्न विचारला: एल्स्पेट नावाची कुणी बाई चर्चच्या नोंदींत आपल्याला कधी आढळली का? मी स्वतः काहीच धरून चालत नाही, असंही लिहिलं.

मैथिलीनं पत्र वाचलं. इंग्रजीतल्या दोन चुकांवर पेन्सिलीनं खूण केली, मग खोडरबरानं पुसून टाकली.

“राहू देत,” ती म्हणाली. “पुन्हा लिहायला बसलात तर जाणार नाही.”

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपर्यंत गेलो. अकरा वाजता पत्रं नेतात, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. साडेदहा झाले होते. मी पाकीट आत अर्धं सरकवलं आणि पत्ता बरोबर आहे ना, म्हणून पुन्हा बाहेर काढलं.

“मामा.”

“हो, हो.”

पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. बहुधा खाली बरीच पत्रं होती.